ब्रश मुलांच्याच हाती द्या

ओतूरहून आळेफाट्याला किंवा नारायणगावला दातांची तार आवळून घ्यायला जाणाऱ्या मुलांचे आईबाप एक गोष्ट ठासून सांगतात : ‘मागे लागल्याशिवाय आमचं पोरगं दात घासत नाही.’ अनुभव खरा आहे, पण मागेच लागत राहावं, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तारा साधारण दीड-दोन वर्षं राहतात. इतके दिवस मागे कोण लागणार? कांदाकाढणीला भल्या पहाटे रानात गेलेली आई?

दुसरा पक्ष म्हणतो, एवढे पैसे मोजलेत, आता दातांचं डॉक्टर बघतील. डॉक्टरांच्या खुर्चीत मूल महिन्या-दीड महिन्यातून एकदा, थोडा वेळ बसतं. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या कडेला कीटण मात्र रोज साचतं. त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि महिन्याभरातसुद्धा दातावर खडूसारखा पांढरा डाग उमटू शकतो. तारा निघतात, दात सरळ झालेले असतात आणि ब्रॅकेटच्या जागी चकचकीत चौकोन, भोवती पांढरी चौकट! हा डाग पुरता जाईलच असं नाही.

गोड बंद करून टाका, असंही काही जण सुचवतात. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत पोराला गोडीशेव नाकारलीत, तर ते मित्राच्या पुडीतली खाईल. दिवसभर थोडंथोडं चघळण्यापेक्षा जेवणासोबत खाऊन नीट दात घासावेत, हे त्याला पटवता येतं. ऊस दातांनी सोलणं मात्र खरंच बंद, ब्रॅकेट निखळतं. पेरू फोडी करून खावा.

मग करायचं काय? मुलाला आरशासमोर उभं करा. ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वर, मग तारेच्या खाली, आणि तारेमागून बारीक फटींचा ब्रश. मग जीभ फिरवून त्यालाच पाहू द्या, कुठे बुळबुळीत लागतंय. स्वतःला कळलेली घाण मूल स्वतः काढतं. फ्लोराइडची पेस्ट आणणं, केस फिस्कटलेला ब्रश बदलणं, आठवड्यातून एकदा उजेडात, त्याला विचारून, दात पाहणं ही कामं मोठ्यांची. मशेरीची डबी फडताळात ठेवून केलेला उपदेश मुलांना पटत नाही, हेही बोलून टाकतो. शाळेत डबा खाल्ल्यावर नळावर ब्रश करणाऱ्याला कोणी हसत असेल, तर गुरुजींनी तिथंच थांबवावं.

आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, की हिरडीतून रक्त येतं का, तार कुठे टोचते, तर आईबापांनी उत्तर देऊ नये. मुलाला बोलू द्यावं.