दोर, काळा दोरा आणि नाळ

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी इंग्रजीची वही घेऊन आमच्या दारात उभी राहिली. नववीला आहे. म्हणाली, "काका, कॉर्ड म्हणजे काय? डिक्शनरीत एकापुढे एक अर्थ दिलेत. नेमका कोणता लिहू?"

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम.चा जमाखर्च करून पोट भरणारे. तरी चष्मा लावून पाहिले. दोरी, सुतळी, बाळाची नाळ, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, गळ्यातले स्वरतंतू, इस्त्रीची वायर, शिवाय जळाऊ लाकूड मोजायचे एक मापसुद्धा! आम्ही म्हटले, "पोरी, इंग्रजाला एका शब्दावर भागवावे लागते. आपल्याकडे प्रत्येक दोराला वेगळे नाव आहे. आधी ते ऐक, मग लिही."

बेंदराच्या आधी आमच्या गारगोटीच्या बाजारात नुसते फिरून यावे. बैल खुंट्याला बांधायचे ते दावे. हाकताना हातात धरायचा तो कासरा. नाकातून ओवलेली ती वेसण. पोते शिवायची ती सुतळी. मांजराच्या तोंडातून दूध वाचवायला आढ्याला टांगायचे ते शिंके. विहिरीवर मोटा होत्या तेव्हा मोट ओढणारा तो नाडा आणि मोटेची सोंड आवरणारा तो सोंदूर. आता मोट गेली, नायलॉन आले आणि निम्मे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले.

हा दोर बनतो कसा तेही तिला सांगितले. अंबाडी, ताग किंवा घायपात पाण्यात कुजत घालायचे. कुजले की आपटून, धुऊन, वाळवून त्याचा वाख काढायचा. मग एकेका पदराला पीळ द्यायचा आणि ते पदर उलट दिशेने एकमेकांत वळायचे. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा आवळतो. म्हणून दोर उलगडत नाही. वळणाऱ्याचे तळहात मात्र सोलून निघतात.

आणि वळत कोण होते? गावगाड्यात हे काम आमच्या मातंग बांधवांच्या माथी मारलेले होते. वर्षभर गावाला दोर पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्यासाठी हात पसरायचा. गावच्या विहिरीत पोहरा सुटायचा तो त्यांनीच वळलेल्या दोरावर. पण त्यांचा स्वतःचा पोहरा त्या विहिरीत सुटत नसे. त्यांनी आणि आम्ही महारांनीही काठापासून लांब उभे राहून कुणाची दया येते का याची वाट पाहायची. दोर चालत होता, दोर वळणारा हात चालत नव्हता!

आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हुकूम काढला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली. तरी जुनी माणसे म्हणतात ते खोटे नाही, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. कायद्याने सुंभ जाळला. पीळ अजून राखेत दिसतो.

इतके बोलून झाले आणि आमचे लक्ष त्या मुलीच्या पायाकडे गेले. घोट्याला काळा दोरा! विचारले तर म्हणाली, "फॅशन हाय काका. वर्गातल्या सगळ्याच बांधत्यात. नजर पण लागत नाही म्हणे."

वाचकहो, आमच्या पोटात खड्डा पडला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' हे भाषण छापले. त्यात त्यांनी लिहून ठेवले आहे की पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. कशासाठी? चुकून कुणाला त्याचा विटाळ होऊ नये म्हणून! ओळख पटावी यासाठी सक्तीने बांधलेला तो दोरा आज आमच्या मुली हौसेने पैसे देऊन बांधतात.

पण त्या पोरीला काय रागवायचे? आमच्याच कमरेला लहानपणी काळा करदोडा होता. का होता, ते आज पहिल्यांदाच लिहितो आहोत. आमच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. बाळंतपण घरीच झाले. घरातल्या विळ्याने नाळ कापली आणि वर राख लावली. आठवडा व्हायच्या आत बाळ दूध ओढेना, अंग ताठ झाले आणि ते गेले. लोक म्हणाले, नजर लागली. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही जन्मलो तेव्हा आईने सगळ्यात आधी काळा दोरा बांधला. तो धनुर्वात होता हे आम्हाला कळायला कॉलेज उजाडले. आईला आम्ही ते सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ विळीकडे बघत बसली.

म्हणून घरोघरच्या माताभगिनींसाठी थोडे स्पष्ट लिहितो. नाळेतून तीन रक्तवाहिन्या जातात. त्यांच्यावरच बाळ नऊ महिने जगते. ती कापायचे हत्यार निर्जंतुकच हवे. म्हणून बाळंतपण दवाखान्यात करावे. गरोदरपणी धनुर्वाताची लस चुकवू नये. नाळेच्या देठावर राख, शेण, हळद, तेल काहीही लावू नये. तो कोरडा ठेवला की आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळतो. बेंबीभोवती लाली आली, पू आला किंवा बाळ अंगावर पिईना तर तासभरही थांबू नये. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. हे लसीने केले, दोऱ्याने नव्हे. उलट बाळाच्या गळ्यातला दोरा कशात अडकला तर फासच बसतो.

आता कुणी विचारील, मग परित्राण पाठानंतर मनगटाला बांधतात तो पांढरा दोरा कसा चालतो? पाली भाषेत सुत्त म्हणजेच धागा. फुले जशी धाग्यात ओवावीत तशी भगवंतांची वचने सुत्तांत ओवलेली आहेत. तो धागा पंचशीलाची आठवण म्हणून असेल तर ठीक. ताईत म्हणून बांधला असेल तर तोही काळाच समजावा.

त्याच धम्मात सोण भिक्खूची गोष्ट आहे. चालत ध्यान करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत तो चालला आणि निराश झाला. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर? आम्हीही त्या मुलीला दटावले नाही. पोरे ताणली की तुटतात. फक्त हे सगळे सांगितले आणि आमच्या भावाची गोष्टही सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती वही दाखवायला आली. कॉर्डपुढे तिने तीन शब्द लिहिले होते : दोर, दोरा, नाळ. पायाकडे आम्ही मुद्दाम पाहिले नाही. जाताना तीच म्हणाली, "काका, कात्री द्या की जरा."

जय भीम!