सांधा कोण तपासतो?

मराठी वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात काँक्रीटवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. माझं उत्तर सोपं आहे. हा अंक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण येत्या पाच-दहा वर्षांत आपलं पहिलं घर घेतील. ते घर कारखान्यात ओतलेल्या भिंती आणि स्लॅब क्रेनने आणून जोडलेलं असू शकतं. त्याच्या जाहिरातीत ‘हरित’, ‘शाश्वत’, ‘झटपट ताबा’ हे शब्द असतील. सांध्याबद्दल मात्र एक अक्षर नसेल. आणि भूकंपात ते घर उभं राहील की नाही, हे बरंचसं सांधाच ठरवतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: सांधे तपासल्याची नोंद नसेल, तर कोणत्याही प्रीकास्ट इमारतीला शाश्वत म्हणू नये.

मी या मंडळाचा जुना सभासद, पोटापाण्याने स्थापत्य अभियंता. प्रीकास्टचा विरोधक मी मुळीच नाही. एकच लोखंडी साचा शेकडो वेळा वापरता येतो, फळ्या-बांबूंची नासाडी टळते, पाणी कमी लागतं, काँक्रीटचा दर्जा एकसारखा राहतो. पोकळ गाळ्याचा स्लॅब वापरला तर काँक्रीटही वाचतं. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, तेव्हा ही बचत लहान नाही. चेन्नईत २०२२ साली केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पातली १,१५२ घरं याच पद्धतीने उभी राहिली. हे तंत्र आता येणार, आणि यावंही.

पण त्याचा कच्चा दुवा समजून घेतला पाहिजे. जागेवर ओतलेल्या इमारतीत तुळईतली सळई खांबातून सलग जाते, काँक्रीटही एकजीव होतं. प्रीकास्टमध्ये प्रत्येक तुकडा भक्कम असतो, पण तो तुकडाच असतो. एरवी वजन सरळ खाली जातं, त्यामुळे तुळई नुसती खांबावर टेकवून ठेवली तरी काही बिघडत नाही. भूकंप मात्र इमारतीला आडवा हलवतो. तेव्हा नुसतं टेकवलेलं घसरतं. पत्त्यांच्या बंगल्यातला एकही पत्ता फाटत नाही, तरी बंगला पडतोच.

हे गुजरातने पाहिलं आहे. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. कच्छच्या त्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपात १३,०००हून अधिक माणसं गेली. थोड्याच काळापूर्वी तिथे खेड्यापाड्यांत प्रीकास्ट शाळाखोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच कोसळल्या. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते सांध्यांवर: छताचे तुकडे एकमेकांशी आणि भिंतींशी नीट बांधलेलेच नव्हते. त्या दिवशी झेंडावंदन होतं, वर्ग भरलेले नव्हते. एरवीच्या दिवशी, शाळा भरलेली असताना तो हादरा बसला असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

तीच गोष्ट उत्तर इटलीत, एमिलिया भागात मे २०१२ मध्ये दिसली. तिथल्या कित्येक प्रीकास्ट कारखान्यांत तुळया खांबांवर केवळ स्वतःच्या वजनाने आणि घर्षणाने टेकलेल्या होत्या. २० तारखेला पहिला धक्का बसला. २९ तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला दुसरा मोठा धक्का आला तेव्हा कामगार कामावर होते. तुळया सरकल्या आणि छप्पर अंगावर आलं.

यावर कुणी म्हणेल, मग प्रीकास्ट नकोच. तर १९८८च्या डिसेंबरमधलं आर्मेनियातलं लेनिनाकान पाहा. तिथल्या नऊ मजली प्रीकास्ट खांब-तुळयांच्या इमारतींपैकी निम्म्याहून अधिक कोसळल्या. त्याच शहरातल्या, मोठमोठ्या प्रीकास्ट भिंती जोडून केलेल्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. खांब-तुळयांच्या इमारतीत सगळा भार मोजक्या सांध्यांवर येत होता आणि तिथलं वेल्डिंग व सळ्यांची बांधणी कमकुवत होती. भिंतींच्या इमारतीत तो भार लांबच लांब जोडांवर वाटला गेला. दोन्ही प्रीकास्टच. आणि उलट बाजूने, २००१ साली अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या त्यातल्या बहुतेक जागेवर ओतलेल्याच होत्या, खाली पार्किंगसाठी मोकळे खांब ठेवलेल्या. दोष पद्धतीचा नाही, बांधणीचा आहे.

चांगली बांधणी कशी असते? एक मार्ग म्हणजे दोन्ही तुकड्यांतल्या सळ्या बाहेर ठेवून, एकमेकींत गुंतवून, मध्ये काँक्रीट ओतायचं. दुसरा, खालच्या तुकड्याची सळई वरच्या तुकड्यातल्या लोखंडी नळीत शिरवायची आणि नळी ग्राउटने, म्हणजे न आकसणाऱ्या पातळ सिमेंटी मिश्रणाने, गच्च भरायची. तिसरा मार्ग नायजेल प्रीस्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकसित केला. १९९९ साली सॅन दिएगोत पाच मजली नमुन्यावर त्याची चाचणी झाली. त्यात ताणलेल्या पोलादी तारा तुकड्यांना आवळून धरतात. हादरा बसला की सांधा किंचित उघडतो, आणि थांबला की तारा त्याला पुन्हा मिटवतात. सोबतच्या मऊ पोलादी सळ्या वाकून धक्क्याची ऊर्जा जिरवतात. इमारत पुन्हा सरळ उभी राहते, दुरुस्ती थोडक्यात भागते. मला विचाराल तर खरी शाश्वत इमारत ती हीच. दहा टक्के सिमेंट वाचवलं आणि एका भूकंपानंतर अख्खी इमारत पाडून मलबा केला, तर वाचवलं काय?

कागदावर हे सगळं आहे. आपली मानकंही सांगतात की प्रीकास्ट वापरा, पण न तुटता वाकण्याची क्षमता एकसंध बांधकामाइतकी हवी. घोळ होतो तो साइटवर. नाव न घेता एका कामावरचं सांगतो. भिंत क्रेनला लटकलेली, आणि खालची एक सळई नळीसमोर येईना. सुपरवायझर ती कापायला निघाला. मी थांबवलं, तर म्हणाला, “साहेब, एक ज सळियो तो छे!” भिंत परत खाली उतरवली, क्रेन अर्धा दिवस बसून राहिली, आणि शिव्या मला पडल्या. बडोद्याच्या मे महिन्यात ग्राउट बघता बघता घट्ट व्हायला लागतं. मग कुणीतरी त्यात मगभर पाणी ओततं. पाण्याने ते सरसर वाहतं खरं, पण ताकद जाते आणि आकसतंही. नळी भरली की आतलं काही दिसत नाही. वर प्लास्टर, त्यावर रंग. हे काम बहुधा साइटवरच्या सगळ्यात कमी मजुरीच्या माणसाकडे असतं, आणि त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला दोष देऊन काय उपयोग?

“बडोदा तर तिसऱ्या क्षेत्रात, इथे एवढं कशाला?” हेही ऐकतो. किल्लारी १९९३ साली नकाशावर सगळ्यात सुरक्षित, पहिल्या क्षेत्रात होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे तिथे जवळपास दहा हजार माणसं गेली. नकाशा बघून निष्काळजी व्हायचा परवाना मिळत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक सांध्याला क्रमांक द्या. भरण्याआधी आणि भरल्यावर फोटो घ्या. कुणी भरला, कुणी तपासला, त्यांची नावं लिहा. ग्राउट भरणाऱ्याला शिकवा आणि कारागिराची मजुरी द्या. आणि हरित प्रमाणपत्र देणाऱ्यांनी सौर पॅनेल मोजताना ही वहीसुद्धा मागावी.

आपल्यालाही एक काम आहे. घर बघायला जाल तेव्हा जिम आणि लिफ्टबद्दल विचारालच. त्यासोबत हेही विचारा: “सांध्यांची नोंदवही दाखवता का?” दहातले नऊ जण गोंधळतील. गोंधळू देत. दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं, की अकराव्यासाठी वही तयार असेल.