सायकल रॅली निघते, पण रोजच्या सायकलवाल्याला फायदा किती?

अमरावती/अकोला : फिट इंडियाची 'संडेज ऑन सायकल' मोहीम डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीतून सुरू झाली. त्याआधीही ३ जूनचा जागतिक सायकल दिन आणि ऑगस्टातली तिरंगा रॅली होतीच. आता रविवारच्या रॅलीचीही भर पडली. पुढे पोलिसांची गाडी, मागे डीजेचा टेम्पो, मध्ये शे-दोनशे सायकली आणि चौकात थांबलेली वाहनं. रॅली काढणाऱ्यांचं म्हणणं असं की याने लोकांत सायकलची आवड वाढते. चौकात अडकलेल्या माणसाचं म्हणणं वेगळं. "याईचं फोटो काढनं होते, अन् आपली यष्टी चुकते."

हा राग अगदीच खोटा नाही. रविवारी कुठे आठवडी बाजार असतो, कोणाला दवाखाना गाठायचा असतो, हंगामात कापसाची गाडी घेऊन निघायचं असतं. हेल्मेट घातलेला, गिअरच्या सायकलवरचा माणूस नऊ वाजता घरी जाऊन चहा पितो. त्याच रस्त्यावर सोमवारी मात्र वेगळेच सायकलवाले असतात. दोन्हीकडे कॅन लटकवलेला दूधवाला, एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणारा वॉचमन, वावरात जाणारा मजूर, शाळेच्या पोरी. रॅलीवरचा राग निघतो तो यांच्यावर. मागून हॉर्न वाजवणारा "सायकलवाले असेच" म्हणतो, तेव्हा शौकाची सायकल कोणती आणि गरजेची कोणती हे तो पाहत नाही.

हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सप्टेंबर १९९२ पासून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी शेकडो, पुढे हजारो सायकलस्वार एकत्र निघू लागले. 'क्रिटिकल मास' हे त्याचं नाव. ना परवानगी, ना ठरलेला मार्ग. सिग्नल लाल झाला तरी जथ्था तुटू नये म्हणून काही जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल लावून गाड्या अडवायचे. जुलै १९९७ मध्ये तिथे पोलिसांशी संघर्ष झाला आणि शंभरावर लोक पकडले गेले. सायकलचा प्रश्न त्याने जगभर गाजला हे खरंच. पण कामावरून घरी निघालेला माणूस भर रस्त्यात अडकला तर तो सायकलवाल्यांच्या बाजूने कशाला बोलेल?

मग रस्ता अडला की लोक चिडतातच, असं म्हणावं का? अकोल्याला विचारा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावड निघते आणि राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. अकोट रस्त्याची वाहतूक वळवावी लागते, रात्रभर गर्दी असते. तरी लोक शिव्या देत नाहीत, उलट पाणी-फराळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. श्रद्धेचा भाग आहेच, सायकल रॅलीला ती जागा मिळणार नाही. पण आणखी दोन गोष्टी आहेत. रस्ता कोणत्या दिवशी बंद राहणार हे सगळ्यांना आधी माहीत असतं. आणि त्या गर्दीत आपल्याच गल्लीतलं पोरगं असतं.

सायकलीपुरतं पाहायचं तर तामिळनाडूतलं पुदुकोट्टई घ्या. जिल्हा कोरडवाहू, आपल्यासारखाच. १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत तिथल्या बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. बाई सायकलवर बसली की लोक टोमणे मारत. ८ मार्च १९९२ ला, महिला दिनी, दीड हजारांहून जास्त बायका सायकली घेऊन रस्त्यावर आल्या. त्यात शेतमजूर होत्या, खदानीत काम करणाऱ्या होत्या, अंगणवाडीच्या सेविका होत्या, शिक्षिका होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. ती रॅली लोकांच्या मनात बसली, कारण ज्यांना सायकल रोज लागणार होती त्याच बायका तिच्यात होत्या. एकटीला टोमणा मारणं सोपं असतं, दीड हजार जणींना कोण मारेल?

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलसाठी ५ हजार रुपये मिळतात. म्हणजे गरजेच्या सायकली गावागावात आहेत. या पोरी सकाळी चार-पाच जणी मिळून शाळेत जातात, तीही एक रॅलीच म्हणायची. रविवारच्या रॅलीत मात्र त्या एक तर दिसत नाहीत, किंवा फोटोपुरत्या पुढे उभ्या केल्या जातात.

आता रस्त्याचं बघू. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. काम सुरू झालं तो दिवस ३ जून, म्हणजे नेमका सायकल दिन. चांगली गोष्ट, नाही कोण म्हणतं? पण तालुक्याच्या रस्त्यांवर सायकलवाला चालतो तो साइडपट्टीवर. ती खचलेली असते, काँक्रीटच्या रस्त्याला तर कडेला वीतभर खोल पायरी पडते. मागून ट्रक आला की खाली उतरायचं कुठे? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात सायकलस्वार चार हजारांहून जास्त होते.

म्हणून रॅली काढण्यात गैर नाही, मागणी न करता काढण्यात गैर आहे. 'पर्यावरण वाचवा'ची पाटी घेऊन फिरल्याने साइडपट्टी भरली जात नाही. आणि रॅली काढायचीच तर रस्ता पूर्ण अडवायची गरजही नसते. पंधरा-पंधराचे जथ्थे करावेत, दोन जथ्थ्यांत एसटी मावेल एवढं अंतर ठेवावं. जथ्थ्यात दोघं-दोघं बरोबरीने चालले तर रांगेची लांबी निम्मी होते आणि मागच्या गाडीला पुढे जायला कमी वेळ लागतो. रस्ता अरुंद असेल तिथे एकेरी रांग करायची. बाजाराचा दिवस आणि बाजाराचा रस्ता टाळायचा. ॲम्ब्युलन्ससाठी एक बाजू मोकळी ठेवायची. मार्ग दोन दिवस आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला पैसे पडत नाहीत.

टी-शर्टवर खर्च होतो, त्यातला थोडा रेडियमच्या पट्ट्यांवर झाला तर शंभर दूधवाल्यांच्या सायकली अंधारात लांबून दिसतील. रॅलीचा शेवट बहुतेक वेळा कलेक्टर ऑफिस किंवा तहसीलसमोरच होतो. तिथे फोटो काढून झाल्यावर एक निवेदनही देता येतं. साइडपट्टी कोणत्या रस्त्यावर, किती नंबरच्या किलोमीटर दगडाजवळ खचली आहे, हे दूधवाल्याला विचारून त्यात लिहायचं, आणि पोच घेऊन घरी यायचं.