गाणं एकाचं, गळा दुसऱ्याचा

सदर : ठेका

येत्या २० ऑक्टोबरला शाहीर अमर शेखांची जयंती. वर्ध्यात ती कुठे साजरी होणार, असं कुणी विचारलं तर मी जरा घुटमळेन. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीला तसं घुटमळावं लागत नाही. फलक लागतात, मिरवणूक निघते, डीजे तर असतोच. आणि द. ना. गव्हाणकर? त्यांच्या नावाचा फलक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. तिघंही एकाच पथकाचे. १९४४ साली मुंबईत त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं, तेव्हा तिघंही आपापल्या जागी शाहीर होतेच. आपण पथक विसरलो आणि माणसं वाटून घेतली. एक एका समाजाच्या वाट्याला गेला, एक पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या, आणि एक कुणाच्याच नाही.

रॉकवाल्यांच्या दुनियेत अशा पथकाला सुपरग्रुप म्हणतात. स्वतःच्या नावावर गर्दी खेचणारे, स्वतःच लिहिणारे आणि गाणारे लोक आपापला पसारा बाजूला ठेवून एकत्र बसतात. त्यातलं गाजलेलं उदाहरण १९८८ चं. जॉर्ज हॅरिसनला एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला एक जास्तीचं गाणं हवं होतं. जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन सोबत होते. मंडळी बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी गेली आणि गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग झालं. हॅरिसनची गिटार टॉम पेटीच्या घरी राहिली होती. ती आणायला गेले तर गिटारीबरोबर पेटीही आला. गाण्याला नाव सुचेना. गॅरेजमधल्या एका खोक्यावर ‘हँडल विथ केअर’ असं लिहिलेलं दिसलं, तेच देऊन टाकलं. कंपनीवाले म्हणाले, हे मागच्या बाजूला टाकायचं गाणं नव्हे. मग अख्खा अल्बमच निघाला. ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ या नावाखाली पाचही जणांनी आपली नावं खुंटीला टांगली आणि विल्बरी घराण्यातले भाऊ म्हणून खोटी नावं लावली. ऑर्बिसन त्याच डिसेंबरात गेला. १९९० मध्ये दुसरा अल्बम काढला, त्याला नाव दिलं ‘व्हॉल्यूम थ्री’. दुसरा भाग कुठे गेला म्हणून लोक अजून विचारतात. असल्या खोड्या एकट्याने करण्यात मजा नाही. अगदी अलीकडे ‘बॉयजीनियस’ नावाने तीन अमेरिकी गायिका अशाच जमल्या, २०२४ मध्ये तीन ग्रॅमी घेतले आणि आपापल्या वाटेला लागल्या.

आमच्या तिघांना गॅरेज कुठलं मिळायला! अमर शेख मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग चळवळ, तुरुंग आणि डफ. अण्णा भाऊ वाटेगावचे. शाळा दीड दिवसाची, मुंबईला आले ते पायी, आणि नात्यातल्या बापू साठ्यांच्या फडात तमाशा अंगात मुरलेला. तिघांना बांधणारी गोष्ट म्हणजे कम्युनिस्ट पक्ष आणि गिरणगाव. दुसरं महायुद्ध चाललेलं, बंगालात दुष्काळाने माणसं मेलेली, मुंबईत रेशनच्या रांगा. प्रेक्षक पाळी संपवून आलेला, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेला कामगार. त्याला झोप आली तर तो सरळ उठून जातो, शाहिराचं मन राखायला बसून राहत नाही.

या पथकाने तमाशाचं बाह्यरूप ठेवलं आणि आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन आलं, गौळण गेली, बतावणीत सावकार आणि पुढारी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावंच बघा. आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद गटात लावा, पाटी बदलायला नको. मुंबई सरकारला हे सोसलं नाही आणि बंदी आली.

पण मला बोलायचंय ते एका छक्कडीबद्दल. ‘माझी मैना’ लिहिली अण्णा भाऊंनी आणि लोकांच्या कानात बसली ती अमर शेखांच्या आवाजात. अण्णा भाऊंना गाता येत नव्हतं, असं कुणी समजू नये. ते गात, वाजवत, सोंग आणत. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये आपलं सर्वात धारदार गाणं त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. अमर शेखही साधे गायक नव्हते. कवी होते, स्वतःची गाणी होती, स्वतःचा लौकिक होता. त्यांनी दुसऱ्याचं गाणं आपलं असल्यासारखं उचललं. मला या देवघेवीचं कौतुक त्यांच्या एकेकट्या मोठेपणाहून जास्त वाटतं.

ती छक्कड ऐकताना एक गोष्ट नीट लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला ती पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याची आहे, बायको गावी राहिली म्हणून झुरणाऱ्या माणसाची. मैनेचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईचं वर्णन, आणि मग कधी कळत नाही अशा बेताने ती मैना म्हणजे बेळगाव-कारवारसह तुटलेला मुलूख होते. कागदावर हे वळण हुशारीचं दिसतं. गाण्यात मात्र ते गळ्यानेच पेलावं लागतं. आधीची लाडिक लकब तशीच ठेवायची आणि आतून आवाज तापवत न्यायचा. शाहीर चौक संपवून श्वास घेतो तेवढ्यात मागचे झीलकरी सूर उचलून धरतात. तो धरलेला सूर ढिला पडला की शाहीर उघडा पडतो. या सदराखाली सही करताना मी ‘झीलकरी’ हेच नाव घेतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते वाचकांना ठाऊकच आहे.

वर्ध्याच्या वाचकाला इथे एक मौज सांगितली पाहिजे. ते गाणं मुंबई-पुण्यात पेटत होतं तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि आपली राजधानी नागपूर होती. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तेव्हा इथल्या कित्येकांना ती मनापासून पटली होती. म्हणजे तिकडे मैना मुलखापासून तुटली म्हणून डोळ्यांत पाणी, आणि इकडे मैनेला काडीमोड हवा होता! तरीही ते गाणं इथे ऐकलं गेलं, आजही ऐकलं जातं आणि वेगळ्या विदर्भाची पाटी छातीवर लावणारेसुद्धा त्यावर मान डोलावतात.

आता आपल्या खंजिरीकडे येऊ. विदर्भात लिहिणारा-गाणारा एकटा माणूस म्हटलं की पहिलं नाव तुकडोजी महाराजांचं. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, गांधीजींकडे महिनाभर राहिले. खंजिरी तिथेही वाजली. त्यांची भजनं गावोगावची मंडळं गातात, आणि कुणी काहीही म्हणो, इतक्या गळ्यांना पुरलेला दुसरा कवी या भागात झाला नाही. ते कसं जमलं? एक कारण शेवटच्या कडव्यात आहे. तिथे ‘तुकड्यादास’ बसलेला असतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ असतो. अभंगांपासून चालत आलेली ही नाममुद्रा म्हणजे आपल्याकडची मालकीची नोंद. गाणं कुणीही गावं, कुठल्याही चालीत गावं, नाव आत शिवलेलं आहे, ते काढायचं तर गाणंच फाटेल. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा तालेवार गळ्यांनी वामनदादांची गाणी गायली, तेव्हा गाणं देताना वामनदादांना धास्ती वाटण्याचं कारण नव्हतं.

ही सोय हाताशी असताना आजचा वर्ध्याचा गायक-कवी काय करतो? तो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो, पुतण्याकडून मोबाईलवर चित्रीकरण करून घेतो आणि स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकतो. भीमगीतवाला, कापसाच्या भावावर गाणारा, व्यसनमुक्तीची भजनं करणारा, प्रत्येकाचा संसार वेगळा. त्यातल्या काहींचं लिखाण फार चांगलं आहे आणि आवाज बेताचा. काहींचा गळा असा की अंगणातली माणसं रस्त्यापर्यंत सरकावीत, आणि शब्द मात्र लग्नपत्रिकेतले. हे दोघे एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, पण एकमेकांचं गाणं गात नाहीत.

सेलू तालुक्यात मागच्या हिवाळ्यात एका खंजिरी भजन स्पर्धेला रात्रभर बसलो होतो. भगव्या टोप्या, गळ्यात उपरणं, समोर पेटी. दवामुळे कातडी पान उतरत होतं, म्हणून दोघे पाळीपाळीने खंजिरी शेकोटीवर धरून तापवत होते. फायबरच्या पानाला ही कटकट नाही, पण त्याचा आवाज डब्यासारखा येतो, हे माझं मत आणि ते मी बदलणार नाही. मध्यरात्रीनंतर एका मंडळाने स्वतःच्या गावातल्या कवीचं सोयाबीनवरचं भजन म्हटलं. शब्द असे की मांडवात शांतता पसरली. गळा मात्र तिसऱ्या कडव्यातच बसला. त्यांच्या पुढच्या मंडळात त्या गाण्याला शोभेल असा गळा होता आणि तो नेहमीचं, हजारदा ऐकलेलं भजन गाऊन गेला. खाली उतरल्यावर मी त्या गायकाला म्हटलं, ते सोयाबीनचं तुम्ही म्हणा ना पुढच्या वेळी. तो हसला. “भाऊ, गळा आपला, गानं त्यायचं, मंग नाव कोनाचं होईन?” मी म्हटलं, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव आहे की. “ते झालं त्यायचं. आमचं कुठी हाये?”

प्रश्न रास्त आहे. तो उडवून लावायला मी तयार नाही. नाममुद्रेने कवी सुरक्षित झाला, गायक नाही. अमर शेखांना ते चाललं, कारण त्यांच्यामागे पथक होतं आणि पथकाचं नाव दोघांहून मोठं होतं. टाळी लालबावट्याला पडली की ती तिघांत वाटली जायची. आज मंडळाला बक्षीस मिळतं ते स्मृतिचिन्ह आणि पाकीट, आणि पाकिटावर एकच नाव लिहायला जागा असते. म्हणजे माणसं कोत्या मनाची आहेत असं नाही. गाणं दुसऱ्याला देण्याचा काही फायदा त्यांना दिसेल, अशी मांडणीच आपण केलेली नाही.

पथकं टिकत नाहीत, असं म्हणणारेही भेटतात. नाहीच टिकत. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात. विल्बरी दोन अल्बमांत आटोपले. टिकाऊपणाच हवा असेल तर सहकारी सोसायटी काढावी, आणि तिचंही काय होतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको.

म्हणून मी स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे एक साधी सूचना ठेवली आहे. प्रत्येक मंडळाने एक भजन दुसऱ्या मंडळातल्या हयात कवीचं गायचं आणि त्या गाण्याचे गुण दोन्ही मंडळांच्या खात्यावर जायचे. पाकिटं दोन. यात क्रांती वगैरे काही नाही, दोघांचा मतलब एका गाण्यात अडकवायचा एवढंच. दोन-तीन आयोजकांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, मग हरलेल्या मंडळाच्या गाण्याने जिंकलेलं मंडळ हरलं तर? मी म्हटलं, तसं झालं तर लोक आठवडाभर त्याच गाण्याबद्दल बोलतील, अजून काय हवं?

आर्वीकडचा एक गळा आणि समुद्रपूरकडचा एक कवी यंदा हे करून बघायला तयार झाले आहेत. दोघांचं फोनवर बोलणं झालं, चालीवरून पहिलं भांडणही झालं. सध्या अडलंय ते परीक्षकांच्या तक्त्यावर. त्यात शिस्त, ताल, चाल आणि विषय असे चार रकाने आहेत, आणि दुसऱ्याच्या गाण्याचे गुण कुठल्या रकान्यात टाकायचे, यावर समितीची बैठक अजून व्हायची आहे.

— झीलकरी