फिर्याद कोणाकडे न्यावयाची?

जुगार बरा की वाईट, हा वाद जुना आहे. परंतु जुगार ‘सुरक्षित’ कोणता, हा प्रश्न अगदी नवा होय. आभासी चलनावर चालणाऱ्या परदेशी जुगारी संकेतस्थळांची आता रीतसर प्रतवारी होऊ लागली आहे. एखाद्या खाणावळीस द्यावेत तसे या अड्ड्यांना गुण देणारे परीक्षकही निर्माण झाले आहेत. त्यांपैकी पुष्कळांना, त्यांनी धाडलेल्या गिऱ्हाइकामागे त्याच अड्ड्यांकडून दलाली मिळते, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे मागे ठेवली जाते. वाचकांनी या परीक्षेच्या खोलात न शिरता एकच प्रश्न विचारावा, असे आमचे सांगणे आहे: उद्या पैसे बुडाले तर फिर्याद कोणाकडे न्यावयाची?

हा प्रश्न आम्ही पवनानगरकडे पाहून विचारीत आहो, यास कारण आहे. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या परिसरातील या धरणकाठच्या गावास पुण्या-मुंबईचा मध्यमवर्ग शनिवार-रविवारचे विश्रांतिस्थान म्हणून ओळखतो. त्याच्यासाठी धरणाकाठी बंगले उठले, तंबू लागले आणि जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचे घोंगडे दशकानुदशके भिजत पडले. पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तिघांचे प्राण घेतले. इतक्या मोलाच्या भूमीचा पैसा घरात एकदाच येतो. तो गेला की पुन्हा विकावयास दुसरी जमीन नसते. अशा घरातील तरुणाच्या खिशात आज जगातील कोणताही अड्डा मावतो. मुंबईचा मटका गावोगाव पोहोचण्यास माणसे लागली. या नव्या जुगारास रस्ताही लागत नाही.

मोहही दूरचा नाही. ज्या पिंपरी-चिंचवडला पवनेचे पाणी जाते, तेथील एका पोलीस उपनिरीक्षकास ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये लागले, आणि पाठोपाठ निलंबनाचा हुकूमही मिळाला. तो खेळ आभासी चलनाचा नव्हता; परंतु जिंकल्याची ही वार्ता घराघरांत पोहोचली. त्याच खेळात हरलेल्यांची नावे कोणी छापली? आम्हा वृत्तपत्रांनीही छापली नाहीत.

या संकेतस्थळांचा मुख्य दावा असा की, आमचा फासा खोटा नाही. डाव पडण्यापूर्वीच निकालाच्या बीजाची सांकेतिक मोहोर खेळाडूस दिली जाते. नंतर ते बीज उघड केले जाते, आणि मोहोर जुळते की नाही हे कोणासही पडताळून पाहता येते. ही युक्ती गणितदृष्ट्या खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या खेळात अड्ड्याच्या धन्याचा वाटा शेकडा केवळ एक आहे, असा खेळ घ्या. दहा सेकंदांस शंभर रुपयांचा एक डाव धरला, तर तासास ३६० डाव आणि ३६,००० रुपयांची उलाढाल होते. त्यातील सरासरी ३६० रुपये धन्याच्या पदरी पडतात. रोज रात्री तीन तास खेळणाऱ्याचे दहा हजार रुपये सरासरीच्या हिशेबानेच दहा रात्रींत संपतात. कोणी लबाडी केलेली नसते. पैसे मात्र उरलेले नसतात. शकुनीस फासे खोटे करण्याचीही आता गरज राहिलेली नाही.

आणि फासा खरा ठरला तरी थैली कोणाच्या हाती आहे, हे त्या मोहरेवरून कळत नाही. पैसे भरताना नाव-गाव न विचारणारे संकेतस्थळ, जिंकलेली रक्कम मागताच ओळखीची कागदपत्रे मागू शकते, खाते गोठवू शकते, किंवा नियमांतील एखाद्या कलमावर बोट ठेवून देणे नाकारू शकते. यांतील पुष्कळांचा परवाना कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटाचा असतो. पवनानगरच्या माणसाने दाद मागण्यास तेथे जावे काय? ‘स्टेक’ हे या व्यवसायातील मोठे नाव. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या तिजोरीतून सुमारे ४ कोटी १० लक्ष डॉलरांचे आभासी चलन चोरीस गेले. खेळाडूंच्या ठेवी सुखरूप असल्याचे कंपनीने सांगितले. पण तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून खेळाडूच्या हाती उपाय कोणता होता? जुगाराशी संबंध नसलेल्या, आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीसाठी असलेल्या मुंबईच्या ‘वझीरएक्स’वर जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरांचा दरोडा पडला, तेव्हा खातेदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले आणि तोडग्यासाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे पाहावे लागले. उजेडातील व्यवहाराची ही गत, तर अंधारातील अड्ड्याची काय वर्णावी!

याहून जवळचा धोका रुपयांच्या वाटेवर आहे. आभासी चलन घेण्या-विकण्यासाठी अनेकदा अनोळखी माणसाच्या बँक खात्याशी देवघेव होते. समोरचा पैसा एखाद्या फसवणुकीचा असला की पोलिसांच्या सूचनेवरून आपलेही खाते गोठते. थोड्या कमिशनच्या आशेने स्वतःचे खाते दुसऱ्यास वापरावयास देणाऱ्या मुलाची दशा तर अधिक वाईट. सूत्रधार समुद्रापलीकडे असतो, आणि पोलीस प्रथम त्या मुलाच्या दारी येतात.

हे सारे अशिक्षितांचे वेड आहे, असे समजून पुणेकरांनी निश्चिंत राहू नये. दरमहा शेकडा दहा परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेचे गुन्हे २०१८ साली याच पुण्यात नोंदले गेले. त्या तपासास तज्ज्ञ म्हणून बोलाविलेल्या दोघांनाच, आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले. येथे फिर्याद घेण्यास पोलीस ठाणे होते, आरोपी देशात होते, तरीही इतकी वर्षे लागली.

बंदीने जुगार थांबत नाही, उलट रुपयांतील खेळ बंद झाल्यावर लोक या चोरवाटांकडेच वळतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा असतानाच १९६० नंतरच्या दशकात मुंबईत मटका फोफावला. परंतु त्यावरून परदेशी अड्डा सुरक्षित ठरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते परदेशातून चालविलेले असले तरी, निषिद्ध ठरविले. चालकास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणारास दोन वर्षे व पन्नास लक्ष अशी शिक्षा सांगितली. म्हणजे भारतीयाचा डाव स्वीकारणारे संकेतस्थळ त्या कृतीनेच या देशाचा कायदा मोडते. जो आपल्या कायद्यास जुमानीत नाही, तो आपले देणे इमानाने देईल, ही ग्वाही कोणत्या परीक्षकाने द्यावी?

या कायद्याने खेळणारास मात्र शिक्षा ठेवलेली नाही, ही गोष्ट गावोगाव सांगितली गेली पाहिजे. लाजेने व भीतीने गप्प बसणे, हेच या धंद्याचे भांडवल आहे. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळविल्यास पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याची काही आशा असते. दिवस लोटल्यावर ती उरत नाही. संकेतस्थळे नाव बदलून पुन्हा उगवतात, तेव्हा केवळ ती बंद करून शासनाने स्वस्थ बसू नये. जाहिरातदार, दलाल आणि भाड्याची खाती यांवर हात टाकावा. मावळातील पोलीस ठाण्यांत अशी तक्रार समजू शकणारा माणूस असावा, आणि ग्रामसभांनी व बँकांनी वर दिलेला हिशेब लोकांपुढे मांडावा.

आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पवनेकाठी घर आहे. पुढल्या शनिवारी तेथे गेल्यावर, ज्याची जमीन आपण घेतली त्याच्या मुलाशी त्यांनी घटकाभर बोलावे. आणि त्याआधी एकदा स्वतःच्या मुलाशी.