नांदूरमध्यमेश्वरच्या निधीला कात्री लागू देऊ नका

नाशिककरांनो आणि निफाड-सिन्नरच्या गावकऱ्यांनो, जिल्हा नियोजनाचा आराखडा आणि राज्याचा अर्थसंकल्प पक्का होण्याआधी आपल्याला एका गोष्टीसाठी आवाज उठवायचा आहे. नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ राखणाऱ्या यंत्रणेचा पैसा कमी होता कामा नये आणि मंजूर पैसा वेळेवर मिळाला पाहिजे.

गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात, तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली अभयारण्य झाले. २०१९ मध्ये या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. लोणार आणि ठाण्याची खाडी या यादीत नंतर आल्या. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आपल्या जिल्ह्यातले आहे. रामसरच्या नोंदीत अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये एका माशाचे नाव आहे, देवळाली मिन्नो. आपल्या देवळालीचे नाव लावणारा मासा जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

रामसर दर्जा मिळाला म्हणजे पाणथळ आपोआप सांभाळली जात नाही. ती सांभाळतात पहाटे काठाने फिरून कुठे जाळी लावली आहेत का ते पाहणारे वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून शाळेच्या पोरांना एकेक करून चक्रवाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी दाखवणारे गावातलेच गाईड. छाती-छाती पाण्यात उतरून पाणवेली ओढून काढणारे मजूर. सरकारी हिशेबात ही माणसे ‘किरकोळ खर्चा’त जातात, म्हणून कात्री लागली की पहिली यांच्यावर. मनोरा बांधून झाला की तो उभाच राहतो, त्याचा फोटो निघतो. मजुरी थांबली तर ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पाणवेलीचेच घ्या. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून थेट इथवर येते. त्या खतावर आणि उबदार पाण्यात पाणवेल पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. निधी ‘पुढच्या तिमाहीत’ आला तर तोवर मोकळे पाणी झाकून गेलेले असते, खाली प्राणवायू उरत नाही, मासे गुदमरतात आणि डुबी मारून खाणाऱ्या बदकांना उतरायला जागा राहत नाही. तेच काम मग कितीतरी जास्त पैशात करावे लागते. ही काटकसर म्हणायची का?

कात्रीची भीती हवेतली नाही. मे २०२० मध्ये करोनामुळे राज्य सरकारने त्या वर्षीच्या योजनांसाठी ३३ टक्केच निधी देण्याचे ठरवले होते. तेव्हा संकट खरेच मोठे होते. पण तिजोरीवर ताण आला की अशा कामांना आधी थांबवायचे, ही सवय संकट सरल्यावरही राहते. पाणथळींच्या केंद्रीय योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. राज्याने आपला हात आखडला तर पूर्ण योजनाच अडते.

आणि पैसा नाही, असे तर नाहीच. २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामे मंजूर झाली आहेत. रामकुंडावरून पुढे गेलेले पाणी नांदूरमध्यमेश्वरलाच पोहोचते. गोदावरी स्वच्छ करायची असेल तर तिच्या काठची ही पाणथळ त्या कामातून वगळता येणार नाही. कोकण किनाऱ्यासाठी राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष उभारला, २०१५ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. किनाऱ्याला जे मिळाले ते योग्यच झाले. गोड्या पाण्याच्या पाणथळींसाठीही असा कायमचा, कापता न येणारा निधी मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

तेव्हा हे करा. निफाड आणि सिन्नर तालुक्यांतल्या काठच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि आपल्या आमदारांना पाठवावा. नाशिक शहरातल्या वाचकांनी साधे पत्र लिहावे: नांदूरमध्यमेश्वरसाठी गेल्या वर्षी किती तरतूद झाली, किती रक्कम हाती पडली, कोणत्या महिन्यात पडली आणि मजुरीवर किती खर्च झाली. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत आहे. शाळा-कॉलेजांनी पक्षी बघायला सहली काढाव्यात आणि स्थानिक गाईडला त्याचे मानधन द्यावे. द्राक्षबागायतदारांनो, कालव्याचे पाणी आणि ही पाणथळ एकाच बंधाऱ्यावर उभी आहे. तुमचा शब्द मुंबईत ऐकला जातो, तो या कामी वापरा.

आराखडा एकदा छापून आला की मग वर्षभर हात चोळत बसावे लागते. पत्र याच आठवड्यात लिहा आणि त्याची पोच जपून ठेवा.