गुन्हा गेला, हिशेब राहिला

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंडसंहितेचे ४९७ वे कलम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा आता विवाहसंस्था धुळीस मिळणार, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते काही खरे ठरलेले नाही. लग्ने पूर्वीसारखीच होत आहेत आणि मोसमात मंगल कार्यालयाची मोकळी तारीख मिळणे आजही तितकेच कठीण आहे. परंतु त्या निर्णयाने जो प्रश्न सोडविला असे मानले गेले, तो वास्तविक अर्धाच सुटला आहे. उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे ना संसदेचे लक्ष आहे, ना संस्कृतिरक्षकांचे.

प्रश्न जुनाच आहे. दोन अपरिचित व्यक्ती कुठे तरी भेटतात. रोजच्या लोकलमध्ये, परीक्षेच्या केंद्रावर, निवडणुकीच्या कामावर किंवा बदली होऊन आलेल्या शाखेत. दोघांचीही लग्ने झालेली असतात, दोघांनाही मुलेबाळे असतात आणि तरीही जे होऊ नये असे ज्याला त्याला वाटते ते होऊन बसते. यात वाईट माणसे कमी असतात आणि गोंधळलेली अधिक. आपल्याकडे तर या घटनेला आणखी एक कंगोरा आहे. ज्याच्याशी जन्माची गाठ बांधली जाते तोही बहुधा अपरिचितच असतो. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात आणि पत्रिकेच्या छत्तीस गुणांत त्या दोघांची जी काय ओळख व्हायची ती होते. पुढे बहुतेकांचा त्या ओळखीतून स्नेह जमतो, काहींचा जमत नाही. एका परक्याशी समाजाने लावून दिलेली गाठ पवित्र आणि दुसऱ्या परक्याशी आपोआप जुळलेली गाठ पाप, हा भेद सामाजिक दृष्ट्या समजू शकतो. दिलेल्या शब्दाला किंमत असलीच पाहिजे. मात्र तो शब्द मोडल्याबद्दल तुरुंगाची भाषा करणे ही निराळी गोष्ट आहे.

ती भाषा कायद्यात आली ती विवाहाच्या पावित्र्यासाठी आली, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. मेकॉलेने १८३७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नव्हताच. तो नंतरच्या विधी आयुक्तांनी घातला आणि १८६० च्या संहितेत तो ४९७ वे कलम होऊन बसला. या कलमान्वये शिक्षा होई ती परपुरुषाला, पाच वर्षांपर्यंत. तक्रार करण्याचा अधिकार मूलतः एकट्या पतीला. पतीची संमती किंवा मूक अनुमती असेल तर गुन्हाच नाही. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवला तरी गुन्हा नाही आणि त्याच्या पत्नीला दाद मागण्याची सोय नाही. म्हणजे ज्याची मालमत्ता त्याच्या परवानगीने वापरली तर चोरी होत नाही, हा जो चोरीच्या कायद्यातील साधा न्याय, तोच येथे पत्नीला लावलेला होता. न्यायालयांनीही हे कलम दीर्घकाळ सांभाळले. मुंबईहून गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते वैध ठरविले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी ते पुन्हा उचलून धरले, आणि ते रद्द करणाऱ्या २०१८ च्या पीठावर त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. एकाच घरातील दोन पिढ्यांमध्ये पडलेले हे अंतर देशातील सुशिक्षित मध्यमवर्गाचेही अंतर आहे.

लोकमानसाची चाल मात्र याहून मंद असते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी याने आपल्या पत्नीच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या. ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले, वृत्तपत्रांनी त्याला वीर केले आणि उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावरही अखेर १९६४ मध्ये राज्यपालांकडून त्याला माफी मिळाली. वर्षानुवर्षे चर्चा झाली ती पतीच्या अपमानाची. त्या पत्नीला पुढे काय हवे होते, तिच्यापाशी कोणते मार्ग होते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

नवी भारतीय न्यायसंहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तत्पूर्वी, २०२३ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीने व्यभिचाराचा गुन्हा स्त्रीपुरुष दोघांनाही लागू करून परत आणावा अशी शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही, हे योग्यच झाले. परंतु त्याच संहितेचे ८४ वे कलम पाहावे. दुसऱ्याची पत्नी आहे हे ठाऊक असताना तिला परपुरुषाशी संबंधाच्या हेतूने फूस लावून नेणे किंवा अडकवून ठेवणे यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या संहितेतील ४९८ व्या कलमाचाच हा नवा अवतार होय आणि त्या कलमाखाली स्त्री स्वखुशीने गेली होती हा बचाव चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगून ठेवले होते. पुढच्या दाराने घालविलेला पाहुणा मागच्या दाराने परत येऊन ओसरीवर बसावा, तसा हा प्रकार आहे.

तथापि दंडसंहितेचा हा वाद तुलनेने सोपा आहे. खरा गुंता दिवाणी बाजूला आहे आणि तो भावनेचा नसून पैशाचा आहे. विवाह मोडतो तेव्हा एक संसारही मोडतो. संसार ही एक प्रकारची भागीदारीच असते. तिच्यात एकाचे भांडवल पगाराच्या रूपाने दिसते आणि दुसऱ्याचे दिसत नाही. एखाद्या लिपिकाची किंवा बँक अधिकाऱ्याची पत्नी त्याच्या तीन बदल्यांपायी आपली शिक्षिकेची नोकरी सोडते, सासूचे आजारपण काढते, मुलांचा अभ्यास घेते. सदनिकेचे कर्ज फिटते ते नवऱ्याच्या पगारातून, कारण घरखर्चातली काटकसर कोणत्याच पासबुकात लिहिली जात नाही. भविष्यनिर्वाह निधी त्याच्या नावे, उपदान त्याच्या नावे, घरही बहुधा त्याच्याच नावे. वीस वर्षांनी त्या गृहस्थाचे मन अन्यत्र गुंतले तर कायदा त्या पत्नीला काय देतो? पोटगी. म्हणजे भागीदाराला नफ्यातला वाटा नव्हे, तर निर्वाहापुरता शिधा. आणि तोही मागावा लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमाने न्यायालयाला वाटपाचा जो अधिकार दिला आहे तो लग्नाच्या सुमारास भेटीदाखल आलेल्या आणि दोघांच्या समाईक मालकीच्या वस्तूंपुरता. भांडीकुंडी वाटून मिळतील, पुढे घेतलेले घर नाही.

आता उलट बाजू पाहावी. मन पत्नीचे गुंतले आणि ती परपुरुषासह राहू लागली, तर विवाह कायम असेपर्यंत तिचा फौजदारी प्रक्रियेतील पोटगीचा हक्कही जातो. जुन्या १२५ व्या कलमातील ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात जशीच्या तशी उतरली आहे. याचा अर्थ असा की, परक्याच्या प्रेमात पडण्याची किंमत पुरुषासाठी दरमहा ठराविक रक्कम आहे आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी सर्वस्व. ज्या समाजात बाहेर पडण्याचे भाडे इतके विषम आहे तेथे कोण निष्ठावान राहिला आणि कोण निरुपायाने राहिला, हे कळायला मार्ग नाही. आपल्या अतूट विवाहांचा आपण जो अभिमान बाळगतो त्यात या दुसऱ्या प्रकारचा भरणा किती, याचा विचार अप्रिय असला तरी करावा लागेल.

न्यायालयांनी आपल्या परीने वाट रुंद केली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला. त्यासाठीचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणी माफ करता येईल असे २०१७ मध्ये ठरले. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या अर्जासोबत दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने बंधन घातले. मे २०२३ मध्ये तर विवाह सावरण्यापलीकडे मोडला असेल तर आपल्या विशेष अधिकारात तो संपविता येईल, असेही त्या न्यायालयाने सांगितले. परंतु हे सारे दार उघडण्याविषयी आहे. दाराबाहेर पडणाऱ्याच्या, किंवा आत एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या, हातात काय असावे हे न्यायालय ठरवू शकत नाही. ते विधिमंडळाचे काम आहे.

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. तिच्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते आणि निम्म्या वाट्यावर प्रत्येकाचा हक्क असतो. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातही ५-अ हे कलम घालून, पगार वगळता अशा दांपत्याचे उत्पन्न दोघांत समसमान विभागण्याची तरतूद केली गेली. गोव्याचा कायदा निर्दोष आहे असे नव्हे. जुन्या रूढींच्या नावाने त्यात काही विषमता राहून गेली, आणि कागदावरचा निम्मा वाटा प्रत्यक्षात पदरी पडेलच याची हमी कोणताही कायदा देत नाही. पण निदान मागणी करणारी स्त्री तेथे याचक नसते, मालक असते. सावंतवाडीच्या बाजूला घर असलेल्या स्त्रीला जो हक्क नाही, तो सीमेपलीकडे पेडण्यात आहे.

यावर ठराविक आक्षेप असा की, वाटा मिळतो म्हटल्यावर लग्ने भराभर मोडतील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपण काय कबूल करीत आहोत याचा विचार करावा. अर्धा वाटा द्यावा लागणार म्हणून पुरुष घर मोडण्यापूर्वी दोनदा विचार करील, ही शक्यता ते लक्षात घेत नाहीत. त्यांना भीती आहे ती स्त्रीला पर्याय मिळण्याची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वडिलार्जित शेती, एकत्र कुटुंबाचा धंदा, अल्पकाळ टिकलेला विवाह यांचे काय? पत्नीच अधिक कमावती असेल तर? याची उत्तरे काढता येतात. लग्नानंतर दोघांच्या संसारात जमलेली मिळकत एवढीच समाईक धरावी, विवाहाच्या कालावधीनुसार प्रमाण ठरवावे, आणि नियम स्त्रीपुरुष दोघांना एकच असावा. मुलांचा वाटा त्याआधी बाजूला काढावा, कारण त्यांनी कोणाच्याही प्रेमात पडण्याचा निर्णय घेतलेला नसतो.

असा प्रयत्न एकदा झालाही होता. विवाह कायदे दुरुस्ती विधेयक, २०१० यात पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद पुढे समाविष्ट करण्यात आली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते संमतही केले. लोकसभेत ते मंजूर झाले नाही. २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. त्यानंतर व्यभिचाराचा गुन्हा परत आणावा की नाही यावर संसदेच्या समितीला शिफारस करावीशी वाटली. घराच्या सातबाऱ्यावर आणि सदनिकेच्या भागपत्रावर दुसरे नाव कोणाचे असावे, हा विषय मात्र अद्याप पटलावर आलेला नाही.